तळ्याकाठची मोजदाद

सफारी हा स्वाहिली शब्द ज्या अरबी ‘सफर’वरून आला, तो मराठीतही रुळलेला आहे. केनियातील नाकुरू सरोवरावरचे रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यासाठी लोक दूरदूरहून सफारीला जातात. पण शेकाट्या आणि टिबुकली हे पूर्व आफ्रिकेच्या सरोवरांवर आढळणारे पक्षी बंगळुरूच्या मारतहळ्ळी परिसरातील तळ्यांवरही दिसतात. ही तळी, म्हणजे कन्नडमधील ‘केरे’, माणसांनी बांधलेली असून राजकालुवे नावाच्या नाल्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत; बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूर तळ्यात आणि तिथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते.

येथील पक्षीगणना उजाडताच सुरू होते. ऊन पाठीशी राहील अशी जागा निवडून निरीक्षक बांधावरून एकाच दिशेने पुढे सरकतो, कारण मागे वळले की तेच पक्षी दुसऱ्यांदा मोजले जातात. दुर्बिणीवरील ‘८×४२’ या आकड्यांचा अर्थ आठपट मोठी प्रतिमा आणि ४२ मिलिमीटर व्यासाचे पुढचे भिंग असा असतो. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकरी पक्ष्यांचा थवा दाट असेल, तर आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरतात आणि त्याच मापाने उरलेला थवा मोजतात. टिबुकली मात्र हिशेब चुकवते. ती बुडी मारते आणि भलत्याच ठिकाणी वर येते, त्यामुळे ती वर येईपर्यंत थांबावे लागते.

वेळ, अंतर आणि ओळखता आलेल्या सर्व जातींची नोंद झाली, की त्या यादीला पूर्ण यादी म्हणतात. तिच्यात एखादी जात नसणे हीसुद्धा माहितीच ठरते. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड या संगणकीय नोंदवहीत अशा याद्या साठवल्या जातात, तर दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या आणि २०१३ पासून भारतात होत असलेल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये किमान पंधरा मिनिटांची नोंदही चालते.

आकडा मोठा म्हणजे पाणी निर्मळ, असे मात्र समजू नये. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर सांडपाण्याच्या उथळ डबक्यातही किडे टिपत निवांत फिरतो, तर पाणकावळ्याला बुडी मारून मासे पकडण्याजोगे खुले पाणी लागते. म्हणून तळ्याची प्रकृती पक्ष्यांच्या एकूण बेरजेवरून नव्हे, तर कोणत्या जातीचे किती पक्षी आहेत यावरून आणि तीही वर्षानुवर्षे त्याच बांधावरून केलेल्या नोंदींवरूनच कळते.