घातक कचऱ्याचें कोठार व नियमित तपासणी

चाकण हें गांव कांद्याच्या बाजारासाठीं दूरवर प्रसिद्ध आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याच्या शिवाराभोंवतीं मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. कारखान्यांतून माल निघतो तसा कचराही निघतो. रंगकामाचा गाळ, वापरलेलें तेल, धातु धुतलेल्या पाण्याचा रासायनिक चिखल, हा त्यांतलाच. कायद्यानें ह्यास घातक कचरा म्हटलें आहे. शेणकचऱ्याचें कुजून खत होतें. ह्याचें विष तसेंच राहातें.

सन २०१६ च्या नियमांप्रमाणें कारखानदारास हा कचरा आपल्या आवारांत सामान्यतः ९० दिवसांपेक्षां अधिक काळ ठेवतां येत नाहीं. गाडीबरोबर मॅनिफेस्ट नांवाचा वाहतुकीचा दाखला पाठवून तो परवानाधारक कोठाराकडे रवाना करावा लागतो. आपल्या पुणें जिल्ह्यांत असें सामाईक कोठार शिरूर तालुक्यांत, रांजणगांवच्या औद्योगिक क्षेत्रांत आहे. अशा ठिकाणीं कांहीं कचरा भट्टींत जाळतात. कांहीं सिमेंट-चुन्यासारख्या द्रव्यांत बांधून, चिकणमाती व प्लास्टिकच्या जाड पडद्यांचें दुहेरी अस्तर दिलेल्या खड्ड्यांत पुरतात. खड्ड्याच्या तळाशीं सांचणारें दूषित पाणी उपसून शुद्ध करावें लागतें. अस्तर फाटलें तर तें पाणी भूगर्भांत उतरतें. मग विहिरीचें पाणी नितळ दिसेल, पण निर्दोष असेल असें नाहीं. शेतकऱ्याचा ह्या प्रकरणाशीं संबंध येतो तो येथें.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. पीकपाहणी दोन प्रकारांनीं होऊं शकते, हें वाचकांस सांगणें नको. एक बांधावर उभें राहून. दुसरी चावडींत बसून, गतवर्षींचा उतारा समोर ठेवून. दोहोंचे कागद सारखेच दिसतात. ई-पीक पाहणींत शेतांत उभें राहून छायाचित्र घ्यावें लागतें, तें ह्याच कारणास्तव. घातक कचऱ्याच्या कोठाराची तपासणीही बांधावरचीच असली पाहिजे. ती बसविण्याची रीत आमच्या मतें अशी असावी:

१. स्थळांची यादी करावी. पिंपांची कोठी, भट्टी, खड्डा, दूषित पाण्याची टांकी, अग्निशामक साधनें व निरीक्षणाच्या विहिरी, ह्यांपैकीं एकही सुटूं नये.

२. मुदत बांधावी. पिंपें गळतात कीं काय, त्यांवर नांवाच्या चिठ्ठ्या आहेत कीं नाहींत, हें रोज पाहावें. आम्ल व सायनाइडयुक्त कचरा शेजारीं ठेवूं नये. दोन्ही मिसळल्यास प्राणघातक वायु निघतो. धोक्याची घंटा व पाण्याचे पंप दर आठवड्यास चालवून पाहावे. पावसाळ्यापूर्वीं चर, बांध व टांकी ह्यांची विशेष पाहणी व्हावी. निरीक्षणाच्या विहिरींचें पाणी ठरल्या वेळीं प्रयोगशाळेंत जावें.

३. जो दोष आढळेल त्यापुढें दुरुस्ती कोणी करावी व कोणत्या तारखेपर्यंत, हें लिहावें. "लक्ष द्यावें" असा शेरा म्हणजे कोणीच लक्ष न देण्याची सोय होय.

४. पुढील तपासणीचा आरंभ मागील शेरे वाचून करावा. दोष तसाच आढळल्यास तें काम थांबविण्याचा अधिकार तपासनिसास असावा.

५. रोजची पाहणी तेथील कामगारांनीं करावी. पण ठराविक काळानें बाहेरचा जाणता माणूस आणावा. नित्य वहिवाटींतला दोष घरच्या डोळ्यांस दिसेनासा होतो.

चौथें कलम सर्वांत महत्त्वाचें आहे. भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्याची पाहणी मूळ अमेरिकन कंपनीच्या तज्ज्ञांनीं मे १९८२ मध्यें केली होती व दोष लिहून दिले होते. तरीही २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं विषारी वायु सुटला, तेव्हां टांकी थंड ठेवणारें यंत्र बंद होतें व वायु जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठीं तोडलेला होता. हजारों माणसें मेलीं. त्याच आवारांतील सुमारें ३३७ टन घातक कचरा पिथमपूरच्या भट्टीकडे जाण्यास जानेवारी २०२५ उजाडावें लागलें. तपासणी झाली होती. तिची तड लागली नव्हती.

आतां शेतकऱ्यांचें कर्तव्य. कारखान्यांचीं पिंपें "चार दिवस" ठेवण्यासाठीं कोणी पडीक जमीन भाड्यानें मागूं लागल्यास देऊं नये. भाडें महिन्याचें, पण माती व पाणी पिढ्यांचें जातें. आडवेळीं ओढ्यांत टँकर रिकामा होतांना दिसल्यास वेळ, ठिकाण व गाडीचा क्रमांक टिपून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास व पोलिसांस लेखी कळवावें. कोठारालगतच्या ग्रामसभांनीं विहिरींच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल दरवर्षीं मागावे. सन २००५ च्या माहितीच्या अधिकारान्वयें सरकारी तपासणीच्या अहवालांची नक्कल मागतां येते. ती हातीं आल्यावर पहिल्यानें एवढेंच पाहावें कीं, गेल्या खेपेचा दोष ह्या खेपेस पुन्हां लिहिलेला आहे काय. असल्यास त्या ओळीखालीं रेघ ओढून ती ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी, व ठराव करून मंडळाकडे धाडावा.