आत्ममग्न पाच जणांचे तारणगीत

मेटल हा रॉक संगीतातून १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये आकाराला आलेला प्रकार असून गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज, ड्रमचा वेगवान मारा आणि मृत्यू, युद्ध, प्रलय यांसारखे विषय ही त्याची ओळख आहे. त्याच्या ‘डेथ मेटल’ या उपप्रकारात गायक शब्द घशातून गुरगुरत उच्चारतो. या टोकाच्या गांभीर्यामुळे त्याची टर उडवणे सोपे असले, तरी त्याचे मर्म जाणून विनोद करणे कठीण असते. ‘मेटलॉकॅलिप्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेने ही कठीण वाट धरली आणि २०२३ मधील ‘आर्मी ऑफ द डूमस्टार’ या चित्रपटाने तिचा समारोप केला.

ब्रेंडन स्मॉल आणि टॉमी ब्लाचा यांनी निर्मिलेली ही मालिका ६ ऑगस्ट २००६ रोजी ‘ॲडल्ट स्विम’ या प्रौढांसाठीच्या प्रक्षेपणात सुरू झाली. तिच्यातील ‘डेथक्लॉक’ या काल्पनिक बँडची आर्थिक ताकद एखाद्या बड्या राष्ट्राइतकी आहे, परंतु त्याच्या पाच सदस्यांना साधा किराणा आणणेही जमत नाही. पहिल्याच भागात कॉफीच्या जाहिरातगीतासाठी जमलेल्या चाहत्यांवर उकळती कॉफी ओतली जाते आणि तरीही त्यांची भक्ती ढळत नाही. मृत्यू आणि हिंसा यांना हसत सामोरे जायला लावून प्रेक्षकाला अस्वस्थ करणाऱ्या अशा विनोदाला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात. शिमग्यातील सोंगांना भिता भिता हसणाऱ्या कोकणकिनाऱ्यावरील प्रेक्षकाला ही मिश्र भावना अपरिचित नाही. या मालिकेत त्या विनोदाचा रोख प्रसिद्धी, बाजार आणि आंधळी भक्ती यांच्यावर आहे.

हा विनोद टिकला तो त्यामागील संगीत अस्सल असल्यामुळे. बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेल्या स्मॉल यांनी गाणी रचली, गिटार वाजवली आणि गायक नेथन एक्स्प्लोजनसह अनेक पात्रांना आवाजही दिला, तर ‘डेथ’ या बँडमधून वाजवलेले जीन होगलन यांनी ड्रमची बाजू सांभाळली. डेथक्लॉकच्या गाण्यांचा ‘द डेथअल्बम’ २००७ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत २१ व्या क्रमांकावर दाखल झाला आणि पडद्यावरील बँडची गाणी हाडामांसाचे वादक रंगमंचावर सादर करू लागले.

चार पर्वे आणि २०१३ मधील ‘द डूमस्टार रिक्विएम’ हा संगीतमय विशेष भाग यांनंतर मालिका थांबली, तेव्हा तिच्यातील जगाच्या विनाशाविषयीच्या भविष्यवाणीची कथा अपुरीच राहिली होती. सुमारे दहा वर्षांनी, २२ ऑगस्ट २०२३ रोजी, आलेल्या चित्रपटात ती पूर्ण होते. जगाचा विनाश टाळण्यासाठी नेथनला एक तारणगीत रचायचे असते. मात्र आजवर स्वतःपलीकडे न पाहिलेल्या माणसाला इतरांसाठी गाणे सुचावे कसे, हाच कथेचा खरा पेच आहे. वर्षानुवर्षे ज्या आत्ममग्नतेवर प्रेक्षक हसत आला, तीच आता संकटाचे मूळ ठरते आणि पात्रांचा स्वभाव न बदलता विनोदाला नैतिक वजन येते.

मुंबईच्या मेटल संगीतातही गांभीर्य आणि विनोद यांचे असे सख्य दिसते. ‘स्क्राइब’ या बँडने २०१० मधील अल्बमला ‘अंदाज अपना अपना’ चित्रपटातील खलनायकावरून ‘मार्क ऑफ तेजा’ असे नाव दिले. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ हा गंभीर अल्बम काढला, तर त्यांनीच ‘वर्कशॉप’ या बँडमधून विनोदी गाणीही केली. या साऱ्यांप्रमाणे ‘आर्मी ऑफ द डूमस्टार’ही हेच सिद्ध करतो की एखाद्या कलेची थट्टा करण्याचा अधिकार तिच्यावरील प्रेमातून आणि तिच्यासाठी घेतलेल्या कष्टांतून मिळवावा लागतो, आणि तो मिळवलेल्या कलावंताची थट्टा त्या कलेचे वैभव वाढवते.