रोपवाटिकेच्या जमिनीवरील गोल्फ मैदान

एखादी जुनी रोपवाटिका बंद पडली, तर तिथल्या झाडांचे पुढे काय होते? बहुधा कुऱ्हाड! पण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा येथे, निराळेच घडले.

तिथे पूर्वी निळीचा मळा होता. १८५७ साली बेल्जियमहून आलेल्या बर्कमन्स पितापुत्रांनी तो घेऊन ‘फ्रूटलँड’ ही रोपवाटिका काढली. पीच, नासपती आणि अझेलियासारखी फुलझाडे त्यांनी वाढवली. १९१० साली मुलगा प्रॉस्पर वारला. पुढे काही वर्षांत धंदाही मिटला. झाडे मात्र उभी राहिली.

१९३१ मध्ये नामवंत खेळाडू बॉबी जोन्स आणि त्याचे भागीदार क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी ती सुमारे ३६५ एकर जमीन घेतली. आखणीसाठी जोन्सने ॲलिस्टर मॅकेंझी यांना सोबतीला घेतले. हे पेशाने मूळचे डॉक्टर. दोघांनी जमीन सपाट करण्याचा हट्ट धरला नाही. चढ, उतार, ओढा जसा होता तसा खेळात घेतला.

गोल्फमध्ये उंचवट्यावरून चेंडू टोलवायचा आणि हिरवळीवरून पुढे नेत शेवटी लहानशा खळग्यात घालायचा. असे अठरा टप्पे. ऑगस्टात प्रत्येक टप्प्याला झाडाझुडपाचे नाव आहे. तिसरा पीचचा, दहावा कॅमेलियाचा, तेरावा अझेलियाचा. बारावा टप्पा आखूड, अवघा १५५ यार्ड. पण हिरवळीपुढून ओढा वाहतो. अंदाज चुकला की चेंडू पाण्यात!

१९३४ साली पहिली स्पर्धा झाली, तेव्हा पहिले नऊ टप्पे आजच्या उलट क्रमाने, म्हणजे शेवटचे म्हणून खेळले जात. पण ओढ्याकाठच्या सखल, सावलीच्या भागात सकाळचे गोठलेले दहिवर उशिरा वितळे. म्हणून पुढे क्रम बदलून वरच्या भागापासून खेळ सुरू करण्यात आला. थंडी सखल जागी साचते, हे द्राक्षबागाईतदाराला वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात खेळ थांबला, तेव्हा याच हिरवळीवर गुरे चारली गेली आणि टर्की पक्षी पाळले गेले. गुरांनी अझेलियाची झुडपे खाल्ली, झाडांच्या साली सोलल्या. युद्धानंतर सगळे पुन्हा नीट करावे लागले.

तेव्हा तुमच्याही जुन्या बागेचे दुसरे काही करायचे ठरले, तर यंत्र लावण्यापूर्वी एक पावसाळा थांबा. पाणी कुठून वाहते, थंडी कुठे साचते, कोणते झाड राखण्याजोगे आहे, ते पाहा. आखणी त्यानंतर करा.