विश्लेषण : उल्हासनगरच्या पत्त्यात आजही ‘कॅम्प’ आणि ‘बॅरेक’ का?

उल्हासनगरमध्ये घर शोधायचे तर आधी कॅम्प नंबर विचारला जातो, मग सेक्शन आणि मग बॅरेक. शहरात लष्कर नाही, तरी पत्ता मात्र छावणीचा. असे का?

छावणी कोणाची होती?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी तात्पुरती छावणी उभारली. ‘कल्याण कॅम्प’ या नावाने ती ओळखली जाई. युद्ध संपले आणि बॅरेक रिकाम्या पडल्या.

मग वस्ती कशी झाली?

१९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीत आसरा मिळाला. सैनिकांच्या लांबलचक बॅरेकमध्ये आडोसे घालून एकेका कुटुंबाची खोली झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. १९६०मध्ये नगरपालिका, तर १९९६मध्ये महापालिका आली.

आजचे शहर कसे आहे?

क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या मात्र ५ लाख ६ हजार. घरातल्या घरात सुरू झालेल्या छोट्या उद्योगांतून कपडा, जीन्स आणि फर्निचरचे मोठे बाजार उभे राहिले. वालधुनी नदीच्या प्रदूषणामुळे जीन्स धुलाई कारखान्यांवर बंदीची कारवाईही झाली.

मग पेच काय?

जागा वाढली नाही, कुटुंबे वाढली. बॅरेकच्या जागी मजले चढले, अनेकदा परवानगीशिवाय. १९९०च्या दशकातील काही इमारतींत निकृष्ट रेती वापरली गेली. बेकायदा बांधकामे दंड आकारून नियमित करण्यासाठी २००६मध्ये राज्याने खास उल्हासनगरसाठी कायदा केला. पण प्रक्रिया संथच राहिली. मे २०२१मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे जीव गेले.

रहिवाशांपुढे पर्याय काय?

इमारत धोकादायक ठरली की घर रिकामे करावे लागते. पुनर्विकासासाठी जमिनीची सनद आणि मंजूर नकाशा लागतो. तिथेच अनेकांचे घोडे अडते. निर्वासितांच्या पहिल्या पिढीने डोक्यावर छप्पर मिळवले. तिसऱ्या पिढीला आता तेच छप्पर सुरक्षित आणि कायदेशीर करून हवे आहे.