विजेची दुचाकी पेटली, तर दाद कोठे मागावी?

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घडलेली घटना मुंबई परिसरातील अनेकांना आजही आठवत असेल. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची काढता येणारी बॅटरी एका कुटुंबाने रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. जवळच आजीच्या कुशीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांच्या उपचारांनंतर ३० सप्टेंबर रोजी त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये वसईतच टाटा नेक्सॉन जातीच्या विजेच्या मोटारीला आग लागली होती. त्यात कोणी जखमी झाले नाही, तरी केंद्र सरकारने चौकशीचे आदेश दिले. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची स्कूटर पेटली आणि पुढील महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. एप्रिलमध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या वीस स्कूटर जळाल्या.

या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. पण त्याआधी विकली गेलेली वाहने आजही रस्त्यावर आहेत आणि स्वस्त, बिनखात्रीच्या बदली बॅटऱ्यांचा बाजारही थांबलेला नाही. गिरगाव, भुलेश्वर, लालबाग, परळ या भागांत प्रश्न आणखी बिकट होतो. लाकडी जिन्यांच्या जुन्या उपकरप्राप्त इमारती, खाली दुकान व वर घर, जिन्याखाली उभी केलेली दुचाकी आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली चार्जिंगची वायर, हे दृश्य तेथे अपरिचित नाही. दादरच्या नव्या मनोऱ्यांत वाहनतळ निराळा असतो, एवढाच फरक.

आग विझल्यावर कुटुंबाचे पहिले काही तास दवाखाना आणि नातेवाइकांना फोन करण्यात जातात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु पुढच्या सर्व कायदेशीर लढाईचा पाया त्याच तासांत घातला जातो किंवा मोडला जातो. जळालेला सांगाडा अडगळ म्हणून भंगारवाल्याला देण्याची घाई हीच सर्वांत महागात पडणारी चूक होय. पोलिसांचा पंचनामा, अग्निशमन दलाचा आगीबाबतचा अहवाल, जागेवरील छायाचित्रे, जखमींचे वैद्यकीय कागद, वाहनाचे बिल, वॉरंटीचे पुस्तक, चार्जरचे खोके आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. लिथियम-आयन बॅटरी विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनी, प्रसंगी काही दिवसांनी, पुन्हा पेटू शकते. म्हणून तिचे अवशेष घरात किंवा दुकानात न ठेवता अग्निशमन दलाच्या सल्ल्याने मोकळ्या जागी हलवावेत आणि ते कोठे, कोणाच्या ताब्यात आहेत याची लेखी नोंद करावी.

कंपनीचा प्रतिनिधी बहुधा लवकरच येतो आणि 'तपासणीसाठी' बॅटरी घेऊन जाण्याची तयारी दाखवतो. पुराव्याचा एकमेव तुकडा प्रतिपक्षाच्या हाती सोपवण्यात शहाणपण नाही. देणे भागच पडले, तर बॅटरीचा क्रमांक, तिची अवस्था आणि छायाचित्रे यांसह सहीशिक्क्याची पोच घ्यावी. आजच्या अनेक स्कूटर इंटरनेटने जोडलेल्या असतात. तापमान, चार्जिंग, बिघाडाचे इशारे यांची माहिती कंपनीच्या संगणकात साठवली जाते. ती नष्ट करू नये, अशी मागणी पहिल्याच नोटिशीत केली, तर पुढे आयोगापुढे ती हजर करण्याचा आदेश मागता येतो. 'पूर्ण व अंतिम समझोता' असे लिहिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे, हे सांगायला नको; तरीही अशा सह्या होतच असतात.

मुख्य मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. हा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला आणि त्याने उत्पादन-दायित्वाची संकल्पना प्रथमच सविस्तर आणली. कलम ८४ नुसार उत्पादनात निर्मितीचा किंवा रचनेचा दोष असेल, ते ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर निर्माता जबाबदार ठरतो. त्याने दिलेली हमी खरी उतरली नाही, तर हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता हा बचावही त्याला चालत नाही. विक्रेत्याची जबाबदारी कलम ८६ मध्ये आहे. त्याने जोडणी वा देखभालीत हयगय केली, मालात बदल केला, स्वतःची वेगळी हमी दिली, किंवा निर्माता कोण हेच कळत नसेल, तर विक्रेता सापडतो. परदेशी सुटे भाग जोडून नाव चिकटवलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे कलम फार उपयोगी आहे.

दुसरी बाजूही कायद्याने दिली आहे. उत्पादनाचा गैरवापर झाला किंवा त्यात फेरफार केला असेल, तर कलम ८७ खाली विक्रेत्याविरुद्ध दावा टिकत नाही, आणि निर्माताही हाच बचाव पुढे करतो. भलत्याच चार्जरचा वापर, बाहेरून बसवलेली मोठी बॅटरी, वेग वाढवण्यासाठी केलेली छेडछाड या गोष्टी प्रतिपक्ष हमखास शोधतो.

येथे एक बारकावा आहे, जो तक्रार लिहिताना अनेकदा निसटतो. उत्पादन-दायित्वाखाली 'हानी' म्हणजे मृत्यू, शारीरिक इजा, मानसिक यातना आणि इतर मालमत्तेचे नुकसान. त्या वाहनाचे स्वतःचे नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक तोटा या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे स्कूटरच्या आगीत घरातील कपाट जळाले, तर ती हानी; दुकान पंधरा दिवस बंद राहून बुडालेला नफा या प्रकरणाखाली मागता येत नाही. स्कूटरची किंमत मागायची, तर 'सदोष माल' ही वेगळी मागणी त्याच तक्रारीत जोडावी लागते. दोन्ही मागण्या स्पष्टपणे निरनिराळ्या लिहिलेल्या बऱ्या.

व्यापारी कुटुंबांसमोर खरा प्रश्न याहून अगोदरचा असतो: तक्रारदार 'ग्राहक' आहे काय? गाडी बहुधा पेढीच्या नावावर घेतलेली असते. घसारा मिळतो आणि कर्जही पेढीच्या खात्यावर असते. कायदा मात्र व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेला माल वगळतो. केवळ स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्याला अपवाद आहे. सुदैवाने न्यायालयांनी बिलावरच्या नावापेक्षा वापराचा मुख्य हेतू पाहिला आहे. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी सदनिका घेतल्या होत्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले की खरेदीचा नफा मिळवण्याच्या व्यवहाराशी थेट संबंध नसेल, तर ती व्यापारी प्रयोजनासाठी झाली असे म्हणता येत नाही. जुलै २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगिअर या खटल्यात प्रश्न याहून जवळचा होता. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार आतून अवाजवी तापत होती; कंपनीला ग्राहक मानण्यात आले आणि भरपाईचा हक्कही मान्य झाला.

तेव्हा पेढीच्या नावावरची, पण कुटुंबाच्या वापरातली स्कूटर असेल, तर मार्ग बंद नाही. माल पोहोचवण्यासाठी घेतलेल्या पाच-दहा दुचाकींचा ताफा असेल, तर मात्र आयोगाचा दरवाजा बहुधा उघडणार नाही. तेथे १९३० च्या मालविक्री अधिनियमाखाली दिवाणी न्यायालयातच जावे लागेल. दुकानातला नोकर माल पोहोचवताना भाजला, तर कर्मचारी भरपाईची जबाबदारी मालकावर येते, हेही विसरता येत नाही.

विम्याच्या बाबतीत व्यापाऱ्याला एक दिलासा मिळाला आहे. गुजरातमधील हरसोलिया मोटर्स या वाहन-विक्रेत्याच्या आगविम्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले की विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार आहे, नफा कमावण्याचा नव्हे. म्हणून पेढीसुद्धा विमा कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून उभी राहू शकते. वाहनाचा सर्वसमावेशक विमा असेल, तर आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणे या जोखमी त्यात सामान्यतः समाविष्ट असतात. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल, तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. तासाला २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या आणि २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या दुचाकी तर, इतर अटी पूर्ण करत असल्यास, मोटार वाहनच मानल्या जात नाहीत. त्यांना नोंदणी लागत नाही, विमाही सक्तीचा नाही, आणि वाड्या-चाळींत याच गाड्या पुष्कळ असतात.

घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि पाच कोटी रुपयांपर्यंतच्या लहान व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहेत. दुकानातला माल जळाला, की सर्वेक्षक प्रथम साठ्याचा हिशेब मागतो. खरेदीची बिले, जीएसटी विवरणपत्रे आणि साठावही यांचा मेळ बसला, तर दावा सरळ जातो. चोपड्यात एक आणि गोदामात दुसरे असेल, तर नाही. विमा कंपनीने दावा नाकारल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते; त्यांची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत आहे.

शेजाऱ्याचे घर जळाले तर? मोटार वाहन कायद्यातील 'वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात हा शब्दप्रयोग न्यायालयांनी उदारपणे वाचला आहे. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पुण्याहून बंगळूरकडे जाणारा पेट्रोलचा टँकर टक्कर होऊन महामार्गाकडेला कलंडला. काही तासांनी त्यातून गळलेल्या पेट्रोलचा भडका उडून जमलेली माणसे होरपळली. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले की वाहन चालत नसतानाही त्याचा 'वापर' असू शकतो. उभी असलेली स्कूटर रस्त्यावर पेटून वाटसरू भाजला, तर हा निर्णय मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आधाराचा ठरेल. कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. कलम १६६ च्या अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे. मात्र स्कूटरपासून सुटी करून घरात आणलेल्या बॅटरीला हा नियम लावणे अवघड आहे. तेथे शेजाऱ्याचा दावा निर्मात्यावर येईल आणि सामाईक जिन्यात चार्जिंग करणाऱ्या मालकावरही. आगीबाबतचे निष्काळजी वर्तन भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास कलम १०६ लागते. ही कलमे कंपनीच्या माणसांइतकीच घरमालकालाही लागू होतात.

एकाच जातीच्या अनेक गाड्यांत दोष दिसला, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११०अ खाली केंद्र सरकार वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. निर्मात्याला मग पूर्ण किंमत देणे, गाडी बदलून देणे किंवा दुरुस्त करणे भाग पडते. मालकांनी 'वाहन' संकेतस्थळावर नोंदवलेल्या तक्रारींवरून ही प्रक्रिया सुरू होऊ शकते. म्हणून स्वतःची भरपाई मिळाली तरी तेथे नोंद करणे हे इतरांवरील उपकारच आहेत.

तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ही किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. बहुतेक स्कूटर यातच बसतात. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथेच अर्ज करता येतो, त्यामुळे कंपनी बंगळूरची असली तरी गिरगावच्या माणसाला तेथे जावे लागत नाही. आयोग बॅटरीचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालासाठी ४५ दिवस आणि अशा प्रकरणाच्या निकालासाठी पाच महिने, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून अधिक काळ धरून चालावे. आदेशाविरुद्ध अपील करायचे, तर कंपनीला निम्मी रक्कम अगोदर भरावी लागते, आणि समझोत्याची बोलणी बहुधा याच टप्प्यावर गंभीर होतात. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. दक्षिण आणि मध्य मुंबईचे जिल्हा आयोग परळच्या पुरवठा भवनात, महात्मा गांधी रुग्णालयाजवळ, भरतात.