मोती नकोत, वाचता आलं म्हणजे झालं!

'अक्षर कसं मोत्यासारखं हवं!' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा तरी ऐकलं असेल. ज्याचं अक्षर छान, त्याला ते ऐकून बरं वाटतं. पण वर्गात एखादा असाही असतो, की वही उघडायची म्हटली की त्याच्या पोटात गोळा येतो.

डहाणू किंवा तलासरीच्या एखाद्या शाळेतला नववी-दहावीचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. तोंडी विचारा, धडाधड उत्तरं देतो. तांदळाच्या पिठाने झक्क वारली चित्रं काढतो. पण लिहायला बसला की 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध' होतो, वेलांटी हरवते, शब्द एकमेकांना चिकटतात. कोणी म्हणतं, "आळशी आहे!" कोणी म्हणतं, "घरी वारली बोलतात ना, म्हणून मराठी जमत नाही." दोन्ही अंदाज चुकीचे असू शकतात. भाषा नवी असेल, तर सरावाने बोलणं आणि लिहिणं दोन्ही सुधारतं. पण बोलणं छान आणि वाचन-लेखन मात्र वर्षानुवर्षं अडलेलं, असं असेल तर ते डिस्लेक्सियाचं लक्षण असू शकतं.

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी पटकन जुळत नाही, इतकंच. हे अक्षर कसं काढायचं, हे आठवण्यातच निम्मं लक्ष खर्च होतं. मग ओळ सरळ कशी राहणार? काहींना तर हाताने अक्षर काढणंच जड जातं. त्याला डिस्ग्राफिया म्हणतात. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' सिनेमातला ईशान आठवतो ना? त्याला डिस्लेक्सियाच होता.

यावरचा धडा याच भागात गिरवला गेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. खडे, बिया, पानं, शिंपले हीच शिकवण्याची साधनं! मूल शिकत नसेल, तर शिकवण्याची रीत बदला, असा त्याचा अर्थ. आपल्यालाही तेच करायचं आहे.

परीक्षेला दोन-तीन महिने आहेत? मग असं करा :

१. जुनी उत्तरपत्रिका मित्राला द्या. जे शब्द वाचता येत नाहीत, त्यांच्याभोवती त्याने गोल करायचा. घोटाळा बहुतेक वेळा काही ठरावीक अक्षरांचाच निघतो. तेवढीच सुधारायची.

२. ती अक्षरं ओल्या वाळूत किंवा ताटात पसरलेल्या पिठात बोटाने मोठ्ठी काढा. काढताना मोठ्याने म्हणा. दहावीत आहोत म्हणून लाजू नका! मग पाटीवर, मग दुरेघी वहीत.

३. आधी शब्द पूर्ण लिहा, मग एका दमात शिरोरेघ ओढा. पुढच्या शब्दाआधी बोटभर जागा सोडा. नुसत्या या जागेनेही पान वाचण्याजोगं होतं.

४. पेन घट्ट आवळू नका. जमेल ते एक पेन निवडा आणि परीक्षेतही तेच वापरा. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा. गिरवून गिरवून काळं करू नका.

५. रोज पंधरा मिनिटं पुरेत. शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून एक-एक उत्तर लिहा.

आईबाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे अशा विद्यार्थ्याला दर तासाला निदान वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तासभर जास्त मिळू शकतो. गरज असेल तर लेखनिकही मिळतो. त्यासाठी अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. तपासणीला फेऱ्या पडतात, म्हणून आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना भेटा. ही मेहेरबानी नव्हे, मुलाचा हक्क आहे. आणि एक विनंती, शेजारच्या मुलाची वही आणून त्याच्यापुढे ठेवू नका.

पेपर तपासणारे सर तुम्हाला ओळखत नाहीत. तुम्ही किती हुशार आहात, हे त्यांना फक्त त्या कागदावरून कळणार. ते मोती शोधत नाहीत, त्यांना उत्तर वाचायचं असतं.

आणि हो, तुमच्या वर्गात असा मित्र असेल तर त्याची वही बघून हसू नका. त्याच्या शेजारी बसा, पेन्सिल घ्या आणि न लागणाऱ्या शब्दांभोवती गोल करून द्या. त्याचा अभ्यास तिथूनच सुरू होईल.