अग्नीशेजारी पाणी : तीन तत्त्वव्यवस्था आणि त्यांवर बेतलेले चकत्यांचे खेळ

तौलनिक साहित्याभ्यासात भारतीय पंचमहाभूते, ग्रीक चार मूलतत्त्वे आणि चिनी 'वू शिंग' यांचा उल्लेख बहुधा एका दमात केला जातो. याद्या शेजारी ठेवल्या की पृथ्वी, पाणी आणि अग्नी ही तीन नावे तिन्हींत आढळतात. उरलेल्यांची सोय तळटीपेत लावली जाते. परंतु यादी म्हणजे व्यवस्था नव्हे. तत्त्वांचे परस्परसंबंध कोणते, हे यादी सांगत नाही. खेळाला मात्र ते सांगावेच लागते. कोणाशेजारी कोण बसेल आणि कोण कोणाला उचलील, हे ठरल्याखेरीज पहिली चालही होत नाही. म्हणून येथे तीन ग्रंथपरंपरांतील संबंधांवरून तीन साधे खेळ रचले आहेत. हे खेळ प्राचीन नाहीत. त्यांचे नियम प्रस्तुत लेखापुरते बेतलेले आहेत, त्यांमागील संबंध मात्र प्राचीन आहेत. साधन म्हणून जाड पुठ्ठ्याच्या चौकोनी चकत्या पुरेत. सोंगटी पटावर सरकते, चकती एकदा मांडली की तेथेच राहते, आणि शेजार हाच जेथे अर्थ आहे तेथे हा भेद महत्त्वाचा आहे.

पहिला खेळ ग्रीक. इ. स. पू. पाचव्या शतकात एम्पेडोक्लीस याने आपल्या पद्यग्रंथात चार 'मुळे' सांगितली. पण खेळाला उपयोगी पडतो तो ॲरिस्टॉटल. 'उत्पत्ती आणि विनाश' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने प्रत्येक तत्त्वाला दोन गुण दिले: अग्नी उष्ण व शुष्क, वायू उष्ण व आर्द्र, जल शीत व आर्द्र, पृथ्वी शीत व शुष्क. एक गुण समान असेल तर एका तत्त्वाचे दुसऱ्यात रूपांतर सहज होते, दोन्ही गुण विरुद्ध असतील तर ते कष्टाने होते.

प्रत्येक तत्त्वाच्या सहा, अशा २४ चकत्या घ्याव्यात. दोघांना सहा-सहा वाटून एक उताणी मांडावी, उरलेल्यांचा ढीग पालथा ठेवावा. आळीपाळीने रांगेच्या कोणत्याही टोकाला एक चकती लावायची. शेजारच्या चकतीशी तिचा नेमका एक गुण जुळला पाहिजे. जुळणारी नसेल तर ढिगातून एक उचलावी. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. डॉमिनोप्रमाणे 'एकदा जुळलेला गुण खर्ची पडला' असे धरले तर मात्र खेळ बिघडतो: अग्नीनंतर वायू, मग जल, मग पृथ्वी, पुन्हा अग्नी, असा एकच फेरा उरतो आणि खेळणाऱ्याला निवडच राहत नाही.

हा खेळ थोडा वेळ खेळला की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. अग्नी आणि जल एकमेकांशेजारी कधीच बसू शकत नाहीत. परंतु जेथे अग्नी चालतो तेथे जलही नेमके चालते, कारण वायू आणि पृथ्वी हेच दोघांचेही शेजारी. विरोधी तत्त्वे परस्परांना परकी असतात आणि तरीही एकमेकांच्या जागी बसू शकतात. चौदाव्या शतकातील पेत्रार्कपासून युरोपीय प्रेमकवितेत रूढ झालेला, एकाच वेळी जळणारा आणि गोठणारा प्रियकर याच घडणीतला वाटतो. तेथे आग आणि बर्फ यांची झुंज नसते. एकाच जागेवर दोघांचाही हक्क असतो. हा प्रभाव आहे असे येथे म्हणावयाचे नाही, घडण एक आहे एवढेच.

दुसऱ्या खेळाचा आधार तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आहे. आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून जल, जलापासून पृथ्वी असा तो क्रम. उत्तरकालीन दर्शनांत त्यावर गुणांची चढती बेरीज आली: आकाशाला केवळ शब्द, वायूला शब्द व स्पर्श, असे करत पृथ्वीला शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध हे पाचही. प्रत्येक भूताच्या पाच, अशा २५ चकत्या घ्याव्यात आणि त्यांवर एक ते पाच ठिपके काढावेत. दोघांना पाच-पाच वाटाव्यात. खेळणाऱ्याने एक तर आकाशाची चकती ठेवून नवी चवड सुरू करावी, किंवा एखाद्या चवडीवर क्रमातील पुढची चकती ठेवावी, किंवा ढिगातून एक उचलावी. ढीग संपल्यावर मात्र ठेवता येईल तर ठेवलेच पाहिजे. जो पृथ्वी ठेवील त्याची ती चवड. पाचांपैकी तीन चवडी मिळवणारा जिंकला.

येथे कोणी कोणाला मारत नाही. डावातली खरी चुरस चौथ्या पायरीवर येते: जल ठेवले की प्रतिस्पर्ध्याला पृथ्वी ठेवण्याची संधी मिळते, म्हणून दोघेही जल हातात दाबून बसतात. आणि ज्या अग्नीला ग्रीक खेळात पाण्याशेजारी जागा नव्हती, त्याच्यावाचून येथे पाणी येऊच शकत नाही. अग्नी हा पाण्याचा वैरी नसून जनक आहे. चवड उलट क्रमाने उतरवली की प्रलय. मराठीत मृत्यूला आपण 'पंचत्व पावणे' म्हणतो, त्यामागे हीच विलयाची कल्पना आहे. एकादश स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंत पहिली पाच ही भूतेच आहेत आणि एकनाथी भागवतात ती मराठीत आली. तेथे क्रम वेगळा आहे, पण झुंज तेथेही नाही. खांडववनदाहात अग्नी आणि पर्जन्य समोरासमोर उभे ठाकतात हे खरे. तो मात्र देवतांचा संघर्ष आहे, भूतांचा नव्हे. काव्य दर्शनाच्या व्याकरणाने बांधलेले नसते, हेही त्यावरून दिसते.

पाच ही संख्या या खेळाला अनिवार्य नाही, हे विशेष. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात तेज, आप आणि अन्न अशी तीनच तत्त्वे आहेत. तीन पायऱ्यांची चवड रचली तरी हा खेळ चालतो. चिनी खेळात तसे करता येत नाही.

'वू शिंग'मधील 'शिंग' या शब्दाचा मूळ अर्थ चालणे, गती. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू, जल या पाच गतींत दोन चक्रे फिरतात. जननचक्रात प्रत्येक गती आपल्या पुढचीला जन्म देते आणि जलापासून पुन्हा काष्ठ उपजते. दमनचक्रात काष्ठ पृथ्वीला, पृथ्वी जलाला, जल अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू काष्ठाला जिंकते. पाच वस्तूंच्या जोड्या होतात दहा. पाच जोड्या जननाच्या, पाच दमनाच्या, एकही नात्यावाचून उरत नाही. पाच हा आकडा येथे मोजणीचा नाही, रचनेचा आहे.

खेळासाठी २५ घरांचा पट घ्यावा आणि दोघांना प्रत्येक गतीच्या दोन, अशा दहा-दहा चकत्या द्याव्यात. चकतीच्या दोन्ही बाजूंवर तीच गती, एकीकडे तांबड्या रंगात, दुसरीकडे काळ्या. रिकाम्या घरात चकती ठेवताच, तिला लागून असलेली आणि तिच्याकडून जिंकली जाणारी प्रतिपक्षाची चकती उलटून आपल्या रंगाची होते. मात्र त्या चकतीशेजारी तिच्याच रंगाची तिची 'माता', म्हणजे तिला जन्म देणारी गती असेल, तर ती सुरक्षित. चकत्या संपल्यावर ज्याचा रंग अधिक त्याचा डाव.

या खेळात कथानक आपोआप तयार होते. जल अग्नीला जिंकते, पण अग्नीचे अपत्य असलेली पृथ्वी जलाला जिंकते. हाच न्याय पाचही ठिकाणी लागू आहे. मातेचा सूड अपत्याने घ्यावा, ही गोष्ट नियमांतच दडलेली आहे. झोऊ यान या विचारवंताने दमनचक्र राजवंशांना लावले. इ. स. पू. २२१ मध्ये एकछत्री सत्ता स्थापन केल्यावर छिन सम्राटाने, झोऊ वंशाच्या अग्नीला जिंकणारे जल आपले असे मानून, काळा रंग आणि सहा हा अंक स्वीकारल्याचे स-मा छ्येन याच्या इतिहासग्रंथात नमूद आहे. सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीत वानर धातूचा आणि वराह काष्ठाचा मानला आहे. त्या दोघांची सततची कुरबुर, जीत नेहमी वानराची होणे, ही केवळ स्वभावांची विनोदी जोडी म्हणून वाचली तर अर्धीच वाचली.

म्हणून 'वू शिंग'साठी मराठीत वा हिंदीत 'पंचमहाभूते' किंवा 'पंचतत्त्व' हा शब्द योजणे केवळ ढोबळ नव्हे, तर घातक आहे. त्याने वाचकाच्या मनात चवड उभी राहते आणि चक्र नाहीसे होते. वानर आणि वराह यांच्यामध्ये वैर कशाचे, हे मग कळतच नाही. 'पंचगती' हा शब्द कानाला नवा वाटेल, पण तो निदान खोटे सांगत नाही.

वर्गात हे दाखवावयाचे असेल तर एका संचाच्या चकत्या आणि दुसऱ्याचे नियम असा डाव मांडावा. भूतांच्या चकत्या घेऊन दमनाचा नियम लावला की आकाशाला कोण जिंकणार, येथेच तो अडतो. चिनी चकत्यांची चवड रचू लागले की पाया कोणता हे ठरत नाही, कारण पाचांपैकी प्रत्येकीला माता आहे. ग्रीक चकत्या चिनी पटावर मांडल्या तर चार तत्त्वांच्या सहा जोड्यांपैकी चारांनाच नाते देता येते. अग्नी-जल आणि वायू-पृथ्वी या दोन जोड्या एकमेकींकडे पाहत नुसत्या बसून राहतात.